पाच ताटल्या, तीन मिकान

नातीचं दप्तर उघडून दोन मिनिटं झाली नसतील, तोच कुमुदिनीबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"सत्यजित! आधी इकडे ये. हे काय चाललंय?"

सत्यजित दारात प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी घेऊन उभा होता. शनिवारी सकाळी आठच्या आत ती खाली नेऊन ठेवली नाही, तर पुढचा आठवडाभर तो कचरा घरात पाहुण्यासारखा मुक्काम करतो. पण आईचा आवाजच असा होता की तो पिशवीसकट आत आला.

बाईंच्या हातात गणिताचा कागद होता. दहा शाब्दिक उदाहरणं. त्यांतल्या नऊ उदाहरणांवर लाल पेनानं काढलेले गरगरीत गोळे, आणि शेवटच्या उदाहरणाच्या रीतीवर तेवढी एक बरोबरची खूण.

"नऊ भोपळे!" बाई म्हणाल्या. "दहातलं एक बरोबर! तेही अर्धंच. आणि तुम्ही दोघं फोनवर मला सांगता, नेत्राचं अगदी छान चाललंय!"

"आजी, चिगाउ," दात घासता घासता नेत्रा म्हणाली. चिगाउ म्हणजे जपानीत 'तसं नाही'. हा शब्द ती दिवसातून चाळीस वेळा वापरायची. "गोळा म्हणजे बरोबर. ती खूण म्हणजे चूक."

"बरोबरची खूण म्हणजे चूक?"

"हो. आणि भोपळा म्हणजे बरोबर."

कुमुदिनीबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान डोलावली. अख्खा देश इतका उलटा चालतो आणि तरी गाड्या वेळेवर येतात, याचं बाईंना नवल वाटलं असावं.

टीव्हीवर त्या मोठ्या भूकंपाची दृश्यं पाहिल्यापासून त्या जपानचं नाव निघालं की 'बघू पुढच्या वर्षी' म्हणायच्या. अशी सहा-सात वर्षं गेली. मग एक दिवस सुनेनं सहज सांगितलं, की नेत्रा आता दुसरीत आहे आणि शाळेत गुणाकार सुरू झालाय. दुसऱ्याच दिवशी बाईंनी तिकीट काढायला सांगितलं. डोंबिवलीच्या शाळेत चौतीस वर्षं तिसरी-चौथीला गणित शिकवलेली बाई. भूकंप एक वेळ सहन होईल, पण नातीचा गुणाकार कुणा परक्याच्या हाती सोपवायचा म्हणजे फार झालं.

"ते चुकलेलं वाच मला," त्या म्हणाल्या.

सत्यजितनं पिशवी खाली ठेवली आणि वाचलं, "पाच ताटल्या आहेत. प्रत्येक ताटलीत तीन मिकान आहेत. एकूण मिकान किती?"

मिकान म्हणजे इथली लहान, पटकन सोलता येणारी संत्री. नेत्रानं लिहिलं होतं, ५ × ३ = १५. पंधरावर गोळा होता. ५ × ३ वर ती खूण होती.

"यात चूक काय आहे?"

सत्यजित एका बँकेच्या कंप्युटर प्रणालीचं काम करत होता. रोज कोट्यवधी व्यवहार त्याच्या हाताखालून जायचे. त्यानं तो कागद सरळ धरला, मग तिरका धरला, आणि म्हणाला, "अक्षयाला विचारू."

अक्षया त्याची बायको. घरात चांगलं जपानी तिलाच येत होतं, त्यामुळे शाळेचे कागद, डॉक्टर, घरमालक, सगळं तिच्याकडे असायचं. तिनं पोळ्या लाटता लाटता समजावलं. "आई, इथे आधी एका ताटलीत किती ते लिहायचं, मग अशा ताटल्या किती ते. म्हणून तीन गुणिले पाच."

"आणि उत्तर?"

"उत्तर पंधराच."

"तीन पंचे पंधरा, पाच त्रिक पंधरा. मग भांडण कशाचं?"

"भांडण नाही हो आई, नियम आहे त्यांचा."

"नियम वाहतुकीला असतात," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "मला त्या बाईंना भेटायचंय."

दैवयोग असा, की गुरुवारी दुपारी पावणेचारला शिक्षिकेची, म्हणजे सेन्सेईंची, आणि पालकांची भेट ठरलेलीच होती. प्रत्येक पालकाला बरोबर पंधरा मिनिटं. आणि दैवयोगाचा दुसरा भाग असा, की बुधवारपासून अक्षयाला ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस नागोयाला जावं लागत होतं.

"तूच जा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "मोरिशिता सेन्सेई फार चांगल्या आहेत. फक्त आईंना सांभाळ."

"कसं सांभाळू?"

"ते मी दहा वर्षांत शिकले नाही. तुझी आई आहे," असं म्हणून अक्षयानं बॅगेची चेन लावली.

बुधवारी कुमुदिनीबाईंनी एका कोऱ्या कागदावर सात मुद्दे काढले. अधूनमधून त्या नेत्राला आपली पद्धत शिकवत होत्या. उदाहरण तीनदा वाचायचं. पहिल्यांदा नुसतं वाचायचं, दुसऱ्यांदा दिलेल्या आकड्यांखाली रेघ मारायची, तिसऱ्यांदा काय विचारलंय त्याभोवती चौकट करायची. मग हात चालवायचा. नेत्रानं हे सगळं निमूटपणे केलं. इथले पाढे नवापाशी संपतात हे मात्र तिनं सांगायला नको होतं. "नवापर्यंतच? मग दहा ते तीस काय आम्ही उगाच म्हटले?" असं म्हणून बाईंनी कागदावर आठवा मुद्दा घातला.

सत्यजितला रात्री नीट झोप लागली नाही. त्याचं जपानी ऑफिसपुरतं होतं. 'तपासून कळवतो', 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे', 'गैरसोयीबद्दल क्षमस्व', या तीन वाक्यांवर त्यानं सात वर्षं काढली होती आणि एक बढतीही मिळवली होती. आईचे आठ मुद्दे या तीन वाक्यांत कसे बसणार, हे काही त्याला दिसेना.

गुरुवारी तिघं शाळेत पोचले. नेत्राला घरी एकटं ठेवता येणार नव्हतं, म्हणून तीही बरोबर. दारात चपला काढून शाळेच्या हिरव्या सपाता घालायच्या होत्या. बाईंनी साडीखाली जाडे मोजे घातले होते, त्यामुळे दर चार पावलांना एक सपात मागे राहायची आणि सत्यजित ती उचलून आणायचा. शत्रूच्या गोटात शिरायची ही काही रीत नव्हे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

वर्गात दुसरीच्या मुलांची चार बाकं समोरासमोर लावली होती. खुर्च्या गुडघ्याएवढ्या, आणि प्रत्येक खुर्चीवर भूकंपात डोक्यावर घ्यायची जाड टोपी घडी करून गादीसारखी घातलेली. सत्यजित बसला तेव्हा त्याचे गुडघे छातीशी आले. कुमुदिनीबाई मात्र अशा ऐटीत बसल्या, की ती खुर्चीच मोठी वाटायला लागली.

मोरिशिता सेन्सेई तिशीच्या असतील नसतील. त्यांनी वाकून नमस्कार केला, छोटं घड्याळ पंधरा मिनिटांवर लावून बाकावर ठेवलं, आणि नेत्राला मागच्या बाजूला पुस्तकांच्या कपाटापाशी बसायला सांगितलं.

बाईंनी पर्समधून कागद काढला. "त्यांना सांग, मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय. बरोबर रीतीला चूक ठरवण्याची माझी एकदासुद्धा हिंमत झाली नाही."

सत्यजितनं घसा साफ केला आणि जपानीत म्हणाला, "माझी आई म्हणते, आपण नेत्राकडे फार लक्ष देता. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."

सेन्सेई पुन्हा वाकल्या. "छे छे, नेत्रासान फार गुणी मुलगी आहे."

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

"विचार करते म्हणाल्या."

"विचार कसला करायचाय? विचार त्यांना, त्यांच्या पद्धतीनं मांडली तर पंधराची सोळा मिकान होतात का?"

सत्यजितच्या कपाळावर घाम आला. "आई म्हणते, जपानची मिकान फारच गोड असतात."

सेन्सेईंचा चेहरा एकदम फुलला. त्या मूळच्या एहिमेच्या, आणि त्यांच्या वडिलांची तिथे डोंगरउतारावर मिकानचीच बाग होती. समुद्राचं वारं लागल्यावर फळ कसं गोड होतं, थंडीत पेट्या कशा भरतात, हे त्या हातवारे करून मिनिटभर सांगत राहिल्या.

"एवढं लांबलचक काय बोलताहेत?"

"नियमामागचं कारण सांगताहेत."

"आणि हसताहेत कशाला?"

तेवढ्यात मागून नेत्राचा आवाज आला.

"बाबा, चिगाउ. आजी असं नाही म्हणाली."

आणि मग नेत्रा उठून पुढे आली आणि जे झालं ते सत्यजित जन्मात विसरणार नव्हता. तिनं आजीचा शब्द न् शब्द जपानीत सांगितला. चौतीस वर्षं सांगितली, हिंमत सांगितली, सोळा मिकान सांगितली. आजीनं जिथे बोट रोखलं होतं तिथे तिनंही बोट रोखलं. एवढ्यावर न थांबता, आजीनं घरी 'नियम वाहतुकीला असतात' असं म्हटलं होतं, तेही सांगितलं. सेन्सेईंच्या चेहऱ्यावरून एहिमेची बाग हळूहळू मावळली.

सत्यजित बसल्या जागी पुढे वाकला. "गैरसोयीबद्दल क्षमस्व," तो आपल्या गुडघ्यांना म्हणाला.

पण सेन्सेई रागावल्या नव्हत्या. त्यांनी पाठ ताठ केली आणि शांतपणे बोलू लागल्या. सत्यजितकडे न बघता नेत्रा मराठीत सांगत गेली. "सेन्सेई म्हणतात, दर वर्षी पुष्कळ आईबाबांना हे आवडत नाही, हे त्यांना माहीत आहे. पण कुणी विचारतच नाही. घरी जाऊन फक्त फोनवर लिहितात. तू विचारलंस, हे त्यांना आवडलं. आता त्या दाखवतात."

सेन्सेई फळ्यापाशी गेल्या. त्यांनी दोन-दोन कानांचे पाच ससे काढले आणि खाली लिहिलं, २ × ५. मग बाजूला ५ × २ लिहिलं, आणि त्यावर ससे काढले दोन, पण प्रत्येकाला पाच-पाच कान.

कुमुदिनीबाईंनी तो पाच कानांचा ससा बराच वेळ न्याहाळला. ससा मोठा झकास जमला होता. दोन कान उभे, दोन पडलेले आणि एक मधोमध, काय करावं न कळल्यासारखा. बाईंना हसू आवरेना. आठ मुद्दे बाकावर पडले ते तिथेच राहिले.

"हं. म्हणजे मूल आकडे नुसते उचलून ठेवतंय, की चित्र डोळ्यांपुढे आणतंय, ते यांना बघायचंय," त्या उठून फळ्याकडे निघाल्या. एक सपात मागे राहिली. "बरंय. हे मला पटतं. पण..."

त्यांनी खडू घेतला. तीन मिकानच्या पाच ओळी काढल्या, आणि मग फळ्याच्या बाजूला जाऊन, मान आडवी करून, त्याच मिकानकडे पाहत बोटांनी दाखवलं: इथून बघा, पाचाच्या तीन ओळी. सेन्सेईंनीही मान आडवी केली. "नारुहोदो," त्या म्हणाल्या. म्हणजे 'असं होय!' मग त्यांनी आणखी काहीतरी काढलं, बाईंनी ते अर्धं पुसून भलतंच काढलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि कुणाला दुभाषाही नको होता. सत्यजित सपात हातात घेऊन उभा होता.

"नेत्रा, तूच सांग त्यांना," शेवटी बाई वळून म्हणाल्या. "ताटल्यांचा आकडा आधी दिला होता, म्हणून तू पाच आधी लिहिलेस ना?"

"चिगाउ."

"मग?"

नेत्रानं आधी आजीकडे आणि मग सेन्सेईंकडे पाहिलं. इतके दिवस सगळे तिच्या उदाहरणावरून बोलत होते, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे तिनंही सांगितलं नव्हतं.

"मी वाटत होते," ती म्हणाली. "आधी सगळ्या ताटल्यांत एकेक. पाच झाली. मग परत सगळ्यांना एकेक. मग परत. पाच, तीन वेळा. सेन्सेईंनीच सांगितलंय तसं वाटायचं."

हे तिनं जपानीतही सांगितलं, तेव्हा सेन्सेईंनी विचारलं, "मी? मी कधी सांगितलं?"

"जेवण वाढताना! केंताच्या वेळी!"

सेन्सेईंचा हात तोंडावर गेला. शाळेत दुपारचं जेवण मुलंच आळीपाळीनं वाढतात. सप्टेंबरात एकदा द्राक्षं होती. वाढणाऱ्यांनी पहिल्या मुलांच्या ताटात मूठ मूठ घातली आणि शेवटच्या रांगेतल्या केंताला एकही उरलं नाही. केंता असा रडला, की शेजारच्या वर्गातले शिक्षक धावत आले. त्या दिवशी खुद्द मोरिशिता सेन्सेईंनी वर्गात नियम केला होता: काहीही वाटायचं असलं तरी आधी प्रत्येकाला एक, मग दुसरी फेरी.

"म्हणजे एका फेरीची पाच," सेन्सेई हळूच म्हणाल्या, "आणि फेऱ्या तीन. पाच गुणिले तीन." त्यांनी फळ्याकडे पाहिलं. त्यांच्याच नियमानं, त्यांच्याच क्रमानं ते बरोबर होतं.

घड्याळ वाजलं. दाराबाहेर पुढचे पालक खुर्चीत सावरून बसल्याचा आवाज आला.

सेन्सेईंनी नेत्राचा कागद पुढ्यात घेतला, लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग नेत्राला म्हणाल्या, की हा क्रम दुसरीच्या तिन्ही वर्गांनी मिळून ठरवलेला आहे, तो मी एकटी बदलू शकत नाही. पण तू कसं वाटलंस ते इथे बाजूला काढ. नेत्रानं उभ्या उभ्याच पाच ताटल्या आणि तीन फेऱ्या काढल्या. त्याखाली सेन्सेईंनी लाल पेनानं लिहिलं, 'ही रीत मला कळली नव्हती. सोमवारी वर्गाला समजावून सांगशील?' चुकीची खूण तशीच राहिली.

"खूण खोडायला सांगू का?" सत्यजितनं आईला विचारलं. आज पहिल्यांदाच त्याला खरं भाषांतर करायची इच्छा झाली होती.

"काही नको," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "बाई प्रामाणिक आहे. पोरांच्या वहीत असं लिहायला छाती लागते." आणि त्यांनी सेन्सेईंना हात जोडून नमस्कार केला. सेन्सेई वाकल्या. बाईंनी पुन्हा हात जोडले, सेन्सेई पुन्हा वाकल्या. पुढच्या पालकांची तीन मिनिटं यातच गेली.

घरी जाताना स्टेशनजवळच्या सिग्नलला उभं राहिल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "दिगंबर नावाचा एक मुलगा होता माझ्या वर्गात. उत्तर नेहमी बरोबर आणि रीत भलतीच. मी त्याला दोन महिने खिडकीपाशी एकटा बसवला. म्हटलं, शेजारच्याचं बघून लिहितो."

"आणि?"

"तिथेही त्याची उत्तरं बरोबरच यायची. खिडकीशेजारी कोण होतं, आंब्याचं झाड!" सिग्नल हिरवा झाला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "बावन्न मुलं होती रे वर्गात. एकेकाला कुठे विचारत बसणार? पण त्या एकाला विचारायला काय झालं होतं मला?"

सत्यजितनं आईचा हात धरला आणि त्यांना रस्ता ओलांडून दिला.

संध्याकाळी नेत्रा गृहपाठाला बसली. कुमुदिनीबाई शेजारी बसल्या, पण आज हातात पेन्सिल नव्हती. आज फक्त विचारायचं, सांगायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि ते त्यांना किती जड जात होतं, हे सत्यजितला स्वयंपाकघरातून दिसत होतं. त्या हातावर हात घट्ट धरून बसल्या होत्या. दोनदा त्यांचं तोंड उघडलं आणि दोनदा त्यांनी ते मिटलं.

"तू कशी केलीस ही वजाबाकी?" त्या विचारायच्या. नेत्रा सांगायची. सांगण्यात दहा मिनिटं जायची, मध्ये केंता यायचा, कधी मांजर यायचं, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा चुकलं, तेव्हा सांगता सांगता तिचं तिलाच ते सापडलं. बाईंनी मुलाकडे विजयी नजरेनं पाहिलं.

मग नेत्रानं पुढचं उदाहरण मराठीत वाचून दाखवलं. "मी रांगेत उभी आहे. माझ्या पुढे पाच जण आहेत. माझ्या मागे चार जण आहेत. रांगेत एकूण किती जण?"

इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला.

"नऊ!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "पाच न् चार नऊ. हे काय विचारायचं उदाहरण आहे?"

नेत्रानं पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग आजी, मी कुठे गेले?"

स्वयंपाकघरात सत्यजितच्या हातातला डाव वरणात पडला. चौतीस वर्षांच्या अनुभवानं बोटं मोजली. बाईंनी छताकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि मोठ्या धीरानं म्हणाल्या, "तू... तू मध्येच दूध आणायला गेली होतीस."

"आजी!"

"बरं बाई, दहा," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि चष्मा शोधू लागल्या. "आण ते इकडे. पुन्हा वाच. तीनदा वाच."